फोटोची गोष्ट आणि फोटोमागचा विचार

गोव्यातल्या पेडण्यात, आगरवाड्याच्या मिठागरात काढलेल्या माझ्या एका फोटोखाली तीन वर्षं एकच ओळ होती : ‘हंगामातली शेवटची रास.’ फोटोत पांढऱ्या मिठाची एक रास आहे, तिच्याशेजारी लांब दांड्याची लाकडी फळी धरून उभी असलेली एक बाई आहे आणि बाकी सगळीकडे स्थिर पाणी. पणजीतल्या एका छोट्या प्रदर्शनात तो लागला. लोकांना फोटोइतकीच ती ओळही आवडली. पुढे एका एप्रिलमध्ये मी त्याची प्रत घेऊन त्या मावशींकडे गेले. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून पाहिली, खालची ओळ लेकाकडून वाचून घेतली आणि म्हणाल्या, “निमाणी? आनीक धा राशी आसल्यो गो, बांदार.”

शेवटची कुठली, अजून दहा राशी होत्या बांधावर. त्या मलाही दिसल्या होत्या. डावीकडच्या बांधावर ओळीने लागलेल्या त्या राशी चौकटीत येऊ नयेत म्हणून मी चार पावलं उजवीकडे सरकले होते. एकच रास ठेवली की तिचं एकटेपण दिसेल, असं मला वाटलं होतं. ते एकटेपण मी चौकटीतून निर्माण केलं आणि नंतर मिठागराच्या हंगामात खरंच घडलेली बाब म्हणून लिहून टाकलं. माझा विचार मी त्यांची गोष्ट म्हणून सांगितला.

तेव्हापासून ‘फोटोची गोष्ट’ आणि ‘फोटोमागचा विचार’ हे दोन शब्दप्रयोग मी एकमेकांच्या जागी वापरत नाही. आपण एरवी सर्रास वापरतो. “यामागची स्टोरी काय?” असं कुणी विचारतं आणि आपण मनात येईल ते सांगत सुटतो. पहाटे किती वाजता उठलो, फेरीबोट कशी चुकली, त्या आजोबांचं वय काय, प्रकाश कसा तिरपा होता, सगळं एकाच दमात. ऐकणाऱ्याला यातलं काय घडलं होतं आणि काय आपण ठरवलं होतं, हे वेगळं करता येत नाही.

गोष्ट म्हणजे कॅमेरा तिथे नसता तरी घडलं असतं ते. भरतीचं पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, आगरात घेतलं गेलं असतं, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरत उन्हाने आटलं असतं, तळाशी बसलेलं मीठ त्या लाकडी फळीने ओढून बांधाकडे आणलं गेलं असतं. वळवाची एक जोरदार सर आली असती तर उघडी रास विरघळली असती, म्हणून मे महिन्यात साऱ्यांची नजर आभाळाकडे लागली असती. यातल्या एकाही गोष्टीला माझी गरज नव्हती.

विचार म्हणजे मी तिथे होते म्हणूनच जे झालं ते. कुठे उभी राहिले, काय बाहेर ठेवलं, कुठल्या क्षणी बटण दाबलं, चाळीस फोटोंतून हाच का निवडला. क्षितिज मी चौकटीच्या अगदी वरच्या कडेला नेलं, कारण दुपारी मिठागरावरचं आभाळ फोटोत नुसतं फटफटीत पांढरं येतं. शिवाय मिठावर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर हमखास फसतो. समोर दिसेल ते मध्यम राखाडीच्या उजेडाचं आहे असं तो धरून चालतो, त्यामुळे लख्ख पांढरं मीठ राखेसारखं मळकट येतं. म्हणून मी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा उजेड, मुद्दाम एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवलं होतं. मीठ पांढरं दिसावं हा निर्णय होता. तोही विचारच, आणि तो सांगण्यासारखा असतो हे मला फार उशिरा कळलं.

मी स्वतःसाठी एक साधी कसोटी ठेवली आहे. फोटोखालचा मजकूर माझ्या बाजूला उभ्या असलेल्या दुसऱ्या छायाचित्रकाराला जसाच्या तसा लिहिता आला असता का? आला असता तर ती गोष्ट. नसता आला तर तो विचार.

या दोहोंतलं अंतर दाखवायला अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सच्या ‘मूनराइझ, हर्नांडेझ’ या फोटोइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधलं एक लहानसं गाव, पुढे दफनभूमीतले पांढरे क्रूस, मागे बर्फाचे डोंगर आणि वर चंद्र. ॲडम्सने रस्त्याकडेला गाडी थांबवली, घाईघाईने मोठा 8 बाय 10 इंचांचा कॅमेरा उभा केला आणि नेमका लाइट मीटर सापडेना. क्रुसांवरचं ऊन कुठल्याही क्षणी जाणार होतं. चंद्राची उजळता प्रति चौरस फूट 250 कँडल असते हे त्याला पाठ होतं. त्या एका आकड्यावरून त्याने मनातल्या मनात एक्स्पोजर काढलं : एएसए 64 इतक्या संवेदनशीलतेची फिल्म, लेन्सचं छिद्र एफ/32, शटर एक सेकंद उघडं. एक निगेटिव्ह मिळाली. दुसरी काढेपर्यंत ऊन गेलेलं होतं.

हे सगळं त्याला शेवटपर्यंत आकड्यांसकट आठवत होतं. फोटो कुठल्या दिवशी काढला, ते मात्र आठवत नव्हतं! निरनिराळ्या ठिकाणी त्याने निरनिराळी सालं दिली. पुढे चंद्राच्या स्थितीवरून गणित मांडून 1 नोव्हेंबर 1941, दुपारी 4 वाजून 49 मिनिटं ही वेळ काढण्यात आली. म्हणजे फोटो काढणाऱ्याकडे विचार शाबूत होता, गोष्टीतली तारीख हरवली होती आणि ती दुसऱ्या कुणीतरी बाहेरून शोधून आणली. गोष्ट अशी बाहेरून तपासता येते. विचार तसा तपासता येत नाही. ॲडम्सने तो सांगितला नसता तर 250 चा आकडा कुणाला कळलाच नसता. आणि त्याचा विचार त्या संध्याकाळी संपलाही नव्हता : सुरुवातीच्या प्रतींतलं आभाळ फिकट, ढगांचं आहे आणि नंतरच्या प्रतींमध्ये तो ते गडद करत करत जवळजवळ काळं करत गेला. निगेटिव्ह तीच, चंद्र तोच.

अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँगचं उदाहरण याच्या उलट आहे आणि मला ते जास्त अस्वस्थ करतं. मार्च 1936 मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर तिने एका आईचे फोटो काढले. ‘मायग्रंट मदर’ या नावाने त्यातला एक जगभर गेला. त्या बाईंनी अन्नासाठी गाडीचे टायर नुकतेच विकले होते, असं लँगने 1960 मध्ये लिहिलं. त्या बाई, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, 1978 मध्ये लोकांसमोर आल्या. लँगने त्यांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं, आणि टायर विकल्याची गोष्ट त्यांच्या कुटुंबाने नाकारली. चाळीस वर्षं एक बाई स्वतःच्या चेहऱ्याखाली दुसऱ्याने लिहिलेली गोष्ट पाहत होती.

पण त्याच दिवशीचे फोटो ओळीने लावून पाहा. आधी लांबून, तंबूसकट. मग थोडं जवळून. मग आणखी जवळून. शेवटच्या फोटोत तंबू जवळपास नाहीसा झालाय, दोन मुलांनी आईच्या खांद्यांआड तोंड फिरवलंय, मांडीवर तान्हं बाळ आहे आणि आईचा हात गालाशी गेलाय. एका दिशेने एकेक पाऊल पुढे जात, जे नको ते बाहेर टाकत जाणं हा लँगचा विचार आहे, आणि तो त्या चौकटींमध्ये आजही स्पष्ट वाचता येतो. तिची गोष्ट डळमळली, विचार टिकला. दोन्ही एकाच परिच्छेदात कालवलेलं असेल तर गोष्ट खोटी ठरल्यावर वाचकाला सगळंच खोटं वाटू लागतं, आणि त्यात फोटोचं मोठं नुकसान होतं.

गोष्ट बहुतेक वेळा समोरच्या माणसाची असते. तिची मालकी आपल्याकडे येत नाही. म्हणून ती विचारून घ्यावी, नाव लिहू का ते विचारावं, लिहिलेलं वाचून दाखवावं. काही गोष्टी ऐकून आपल्यापाशीच ठेवाव्या लागतात. विचार मात्र पूर्णपणे आपला असतो, त्यामुळे तो ‘मी’ म्हणूनच लिहावा. ‘एकटेपणाचं प्रतीक असलेली रास’ असं लिहिलं की जबाबदारी राशीवर जाते. ‘मला ती एकटी दिसावीशी वाटली, म्हणून बाकीच्या मी वगळल्या’ असं लिहिलं की ती माझ्यावर राहते.

विचाराच्या बाबतीत एक वेगळी लबाडी होते. घरी येऊन फोटो मोठ्या पडद्यावर पाहताना आपल्याला काहीतरी नवीन दिसतं, पाण्यातलं प्रतिबिंब किंवा मागे उडालेला बगळा, आणि आपण लिहितो की त्याचीच वाट पाहत थांबलो होतो. थांबलो नव्हतो. नंतर सुचलेलं ‘नंतर दिसलं’ म्हणूनच लिहावं, त्यात काही कमीपणा नाही. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँने 1932 मध्ये पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनच्या मागे, पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा फोटो कुंपणाच्या फळ्यांतल्या फटीतून काढला. फट लेन्सला पुरेशी रुंद नव्हती, म्हणून तो डावीकडून कापावा लागला, हे त्याने सरळ सांगून टाकलं. एरवी फोटो कापणं त्याला मुळीच पटत नसे.

आता प्रत्येक फोटोला दोन्ही लागतात का? नाही. गोव्यातल्या माशेल गावचा चिखलकालो हा उत्सव घ्या. आषाढी एकादशीनंतर, देवकीकृष्णाच्या देवळासमोर अंगाला तेल चोपडून चिखलात खेळणाऱ्या मंडळींचा फोटो, संदर्भ माहीत नसलेल्या माणसाच्या हाती नुसताच दिला तर त्याला त्यात फक्त दंगा दिसेल. तिथे आधी गोष्ट हवी : आदल्या दिवसापासून चाललेलं भजन, बाळकृष्णाचे खेळ, आई देवकीच्या कडेवरचा कृष्ण असलेलं ते देऊळ. चिखलाचा शिंतोडा लेन्सवर कसा उडाला आणि मी कुठला शटर स्पीड ठेवला, हे खुशाल शेवटी येऊ दे, नाही आलं तरी चालेल.

पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीतल्या एका घरातली खिडकी मात्र वेगळी. तिला काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं आहेत, गोव्यातल्या जुन्या घरांत असतात तशी. त्यातून येणारा उजेड दुधाळ असतो, भिंतीवर त्याची कड उमटत नाही. त्या फोटोत कुणी नाही, काही घडत नाही. तिथे घराण्याची कहाणी रचून जोडण्यापेक्षा ‘कड नसलेला उजेड पकडायचा होता, म्हणून दिवे बंद करून थांबले’ एवढं एक वाक्य पुरतं.

लिहायचं कधी, यावर माझं मत पक्कं आहे : त्याच संध्याकाळी. फाइलमध्ये तारीख, वेळ, शटर, ॲपर्चर आपोआप नोंदलं जातं, पण मावशी काय म्हणाल्या आणि आपण उजवीकडे का सरकलो, हे कॅमेऱ्याला ठाऊक नसतं. मी वहीच्या डाव्या पानावर गोष्ट लिहिते आणि उजव्या पानावर विचार. मग दोन्ही फाइलच्या वर्णनाच्या रकान्यात टाकते, म्हणजे फोटो जिथे जाईल तिथे मजकूर बरोबर जातो. डावं पान लिहिताना काही आठवलं नाही तर जागा कोरी ठेवते आणि पुन्हा जाऊन विचारते.

आगरवाड्याच्या फोटोखालची ओळ मी त्या मावशींच्या ओसरीवर बसूनच बदलली. लेकाने ती त्यांना वाचून दाखवली, त्यांनी एक दुरुस्ती सुचवली, तीही घातली. आता तिथे असं आहे :

‘आगरवाडा, पेडणे. मे महिना, दुपार. त्या दिवशी बांधावर अकरा राशी होत्या आणि चार दिवसांनी पाऊस येईपर्यंत सगळ्या झाकून झाल्या होत्या.

फोटोत एकच रास आहे, कारण बाकीच्या दहा मी चौकटीबाहेर ठेवल्या.’

त्यातल्या पहिल्या परिच्छेदातले ‘चार दिवसांनी’ हे शब्द मावशींचे आहेत. मी ‘लवकरच’ लिहिलं होतं.