सायकलला किती रस्ता लागतो?

उभ्या सायकलची रुंदी हँडलच्या एका मुठीपासून दुसऱ्या मुठीपर्यंत साधारण ६० सेंटिमीटर भरते. मागून येणारा मोटारचालक नकळत हाच आकडा धरून चालतो आणि उरलेल्या फटीतून गाडी पुढे काढतो. पण चालत्या सायकलला एवढ्यात भागत नाही, कारण ती सरळ रेषेत जातच नाही. तोल डावीकडे ढळला की पुढचे चाक किंचित डावीकडे वळवून टेकणाची जागा पुन्हा वजनाखाली आणावी लागते, तेवढ्यात तोल उजवीकडे ढळतो आणि चाक उजवीकडे वळवावे लागते. हे सावरणे सवयीने इतके अंगवळणी पडलेले असते, की स्वाराला त्याची जाणीवही नसते. वेग असेल तेव्हा यातले बरेचसे काम सायकल स्वतःच करते. ती ते नेमके कसे करते यावर शास्त्रज्ञांत दीर्घकाळ वाद होता आणि फिरत्या चाकांच्या भोवरा-परिणामाला त्याचे बरेचसे श्रेय दिले जाई. मात्र २०११ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी हा परिणाम जवळजवळ शून्य केलेली एक छोटी प्रायोगिक सायकल तयार केली आणि तीही स्वाराविना सावरत गेली.

वेग कमी झाला की सायकलची ही मदत आटते आणि हेलकावे वाढतात. स्वारगेटहून कात्रजकडे चढ चढणारा, कॅरियरवर ओझे बांधलेला सायकलस्वार दोन्ही बाजूंना वीतभर झोके खात जातो, तो काही बेशिस्तपणा नव्हे. हे झोके धरले तर सायकलला चालताना किमान एक मीटरची पट्टी लागते. त्यात चेंबरचे खचलेले झाकण, पेव्हर ब्लॉकची उखडलेली कड, गतिरोधकाजवळ साचलेली खडी या गोष्टी चुकवायला लागणारी जागा मिळवली, म्हणजे ब्रिटनच्या वाहतूक संहितेने २०२२ मध्ये ताशी ४८ किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी ओव्हरटेक करताना किमान दीड मीटर अंतर का सांगितले, ते कळते. स्पेनच्या कायद्यातही दीड मीटरचीच अट आहे.

सायकल वळवण्याची रीत याहूनही विलक्षण आहे. डावीकडे वळायचे असेल तर हँडल आधी क्षणभर उजवीकडे वळवावे लागते. त्यामुळे चाक वजनाखालून उजवीकडे सरकते, सायकल डावीकडे कलते आणि मगच ती डावीकडे वळू लागते. विमानाचा शोध लावणारे राइट बंधू मुळात सायकलींचे व्यावसायिक होते. त्यांपैकी विल्बर राइट यांनी अनेक सायकलस्वारांना तुम्ही वळता कसे, असे विचारले होते. सगळेच हे उलटे वळवणे करत होते आणि जवळजवळ कोणालाच ते सांगता येत नव्हते.

आता हेच भौतिकशास्त्र रस्त्यावर लावून पाहावे. एखादी मोटार सायकलस्वाराच्या उजव्या खांद्याशी येऊन जोरात हॉर्न देते. दचकलेला स्वार डावीकडे व्हायला बघतो, पण डावीकडे होण्यासाठी त्याचे चाक आधी काही सेंटिमीटर उजवीकडे, म्हणजे मोटारीच्याच दिशेने जाते. तो मागे वळून पाहू लागला तर मानेबरोबर खांदे फिरतात, खांद्यांबरोबर हँडल ओढले जाते आणि सायकल पुन्हा उजवीकडेच झुकते. हॉर्न द्यायचाच असेल तर तो बराच मागून आणि हलका द्यावा. खांद्याशी येऊन दिलेला हॉर्न नेमकी नको तीच हालचाल घडवून आणतो.

सायकलस्वार रस्त्याच्या अगदी कडेने का जात नाही, या नेहमीच्या तक्रारीचे उत्तरही इथेच आहे. डांबराची कड आणि मुरमाची साइडपट्टी यांच्यात चार बोटांची पायरी असते. तिच्या लगत चालणाऱ्या सायकलस्वाराला कडेपासून उजवीकडे सरायचे असले तरी चाक आधी थोडे डावीकडे घालावे लागते आणि तिथे तर पायरी असते. चाक पायरीवरून घसरले की स्वार रस्त्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे मागून येणाऱ्या वाहनांपुढे पडू शकतो. तेव्हा कडेपासून हातभर आत चालणारा स्वार आडमुठेपणा करत नसतो, तोल सावरायला लागणारी जागा राखत असतो.

चालक मुळात किती अंतर सोडतात, याची मोजणी इयान वॉकर या मानसशास्त्रज्ञांनी इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात असताना केली. सायकलला ध्वनिलहरींनी अंतर मोजणारे यंत्र लावून ते स्वतः रस्त्यावर उतरले आणि २,३०० हून अधिक ओव्हरटेकची नोंद त्यांनी केली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बस आणि ट्रक इतर वाहनांपेक्षा जवळून गेल्याचे आढळले. वॉकर यांनी लांब केसांचा टोप घातला तेव्हा गाड्या अधिक अंतर राखून गेल्या, आणि हेल्मेट घातले तेव्हा सरासरी साडेआठ सेंटिमीटर जवळून गेल्या. या शेवटच्या निष्कर्षावर पुढे इतर संशोधकांनी आक्षेप घेतले आणि तो वाद आजही पुरता मिटलेला नाही. शिवाय हेल्मेट पडल्यावर डोके वाचवते की नाही, हा प्रश्नच वेगळा आहे. अवजड वाहन जवळून जाण्यात आणखी एक धोका असतो. त्याच्या तोंडाशी दाबलेली हवा सायकलला आधी बाहेर ढकलते आणि वाहन पुढे सरताच तयार होणारा कमी दाब तिला आत ओढतो. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ५० ऐवजी ८० किलोमीटरने जाणाऱ्या ट्रकचा हिसका अडीच पटींहून मोठा असतो.

अपघातानंतर चालक पुष्कळदा सांगतो की, मी पाहिले होते, पण सायकल दिसली नाही. हे ऐकणाऱ्याला बहाणा वाटते, मात्र दृष्टिविज्ञानाला त्यात फारसे नवल वाटत नाही. डोळ्याच्या पडद्यावरचा बारकावे टिपणारा भाग इतका लहान असतो, की हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढाच देखावा एका वेळी स्पष्ट दिसतो. बाकीचे चित्र मेंदू नजर ठिकठिकाणी फेकून जुळवतो आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उडी घेत असताना त्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. चौकात मान झटकन फिरवणाऱ्याची नजर मोजक्याच जागी थांबते. दोन थांब्यांच्या मध्ये ट्रक असला तर तो कुठे ना कुठे नजरेत येतो, सायकल मात्र सहज निसटते. त्यात ५० मीटरवरून समोरासमोर येणारी सायकल रुंदीत डोळ्याशी एका अंशाहूनही लहान कोन करते आणि ती जवळ येत असली तरी बराच वेळ मोठी होताना जाणवत नाही. लहान वस्तू पोचायला वेळ आहे, असे माणसाला वाटतेच.

यापेक्षाही फसवा प्रकार मोटारीच्या समोरच्या काचेशेजारच्या खांबाचा आहे. डोळ्यापासून सुमारे ७० सेंटिमीटरवरचा १० सेंटिमीटर रुंदीचा खांब २० मीटर अंतरावर एका डोळ्यापुरती जवळजवळ तीन मीटरची पट्टी झाकतो. दोन्ही डोळ्यांनी पाहिले तरी सुमारे एक मीटरची पट्टी झाकलेली राहते आणि सायकलवरचा माणूस तिच्यात मावतो. दोन रस्ते एकमेकांना छेदत असतील आणि मोटार व सायकल आपापल्या स्थिर वेगाने एकाच क्षणी छेदबिंदूवर पोचणार असतील, तर चालकाच्या दृष्टीने सायकलची दिशा शेवटपर्यंत बदलत नाही. खलाशांना हा नियम ठाऊक असतो: ज्या जहाजाची दिशा बदलत नाही आणि अंतर मात्र घटते, त्याच्याशी टक्कर होणार. म्हणजे खांबाआड झाकलेली सायकल नेमकी टक्कर व्हायची असेल तेव्हाच खांबाआड राहते. इंग्लंडच्या न्यू फॉरेस्टमध्ये मोकळ्या माळावरच्या इप्ली चौकात, जिथे दूरवर नजर जाते, तिथेही २०११ आणि २०१६ मध्ये सायकलस्वार मृत्युमुखी पडले, त्यामागे ही भूमिती असू शकते, असे दाखवून देण्यात आले आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवा खांब त्याच्या डोळ्याच्या अधिक जवळ असतो. सिग्नल नसलेल्या चौकात शिरण्यापूर्वी बसल्या जागी थोडे पुढे-मागे झुकून पाहिले आणि वेग थोडा बदलला की हा आडोसा मोडतो.

ट्रकच्या डाव्या बाजूचे आंधळेपण त्याहून मोठे असते. सिग्नलला थांबलेल्या ट्रकच्या डावीकडून पुढे सरकणारा सायकलस्वार केबिनच्या खिडकीखाली येतो आणि चालकाला दिसत नाही. आपल्याकडे ट्रकवर क्लीनर असतो तेव्हा डावी बाजू तो राखतो. तो नसेल तर ती बाजू केवळ आरशाच्या भरवशावर असते. डावीकडे वळणारा लांब ट्रक आधी उजवीकडे पसरतो आणि मग त्याची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून, कोपरा कापत जातात. उजवीकडे पसरलेला ट्रक पाहून डावीकडची मोकळी जागा आपल्यासाठीच आहे, असे सायकलस्वाराने समजणे जिवावर बेतते.

नजरेचा हिशेब सायकलस्वारांच्याही काही सवयींना लागू पडतो आणि त्यांतली सर्वांत वाईट सवय म्हणजे राँग साइडने जाणे. समोरून येणारी वाहने दिसतात म्हणून ते सुरक्षित वाटते. पण ताशी ५० किलोमीटरने येणारी मोटार आणि १५ किलोमीटरने चाललेली सायकल एका दिशेने जात असतील तर त्या ३५ च्या वेगाने जवळ येतात, समोरासमोर असतील तर ६५ च्या. शिवाय गल्लीतून डावीकडे वळणारा चालक वाहने येण्याची अपेक्षा असते त्या उजव्या बाजूलाच पाहतो. फिनलंडमध्ये वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, तिथे उजवीकडे वळणाऱ्या चालकांचा अभ्यास झाला तेव्हा नेमके हेच उलट्या बाजूने आढळले: ते डावीकडे पाहत राहिले आणि उजवीकडून आलेली सायकल त्यांना दिसलीच नाही.

रात्री प्रश्न बदलतो. फ्लुरोसंट पिवळे जाकीट दिवसा उठून दिसते, कारण ते सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करते. दिव्यांच्या उजेडात हे किरण नगण्य असल्याने रात्री त्याचा हा गुण संपतो. त्या वेळी उपयोगी पडतो तो परावर्तक. लाल प्लास्टिकच्या तुकड्याला मागून न्याहाळले तर परस्परांशी काटकोन करणाऱ्या तीन-तीन पृष्ठांचे असंख्य सूक्ष्म कोपरे दिसतात. प्रत्येक कोपरा प्रकाशाला आल्या दिशेनेच परत पाठवतो, म्हणून तो गाडीच्या दिव्यांजवळ बसलेल्या चालकालाच लखलखीत दिसतो. तरी एक लाल ठिपका दिसला म्हणजे माणूस ओळखला असे होत नाही. स्वीडनचे गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवले, की अंधारात केवळ सांध्यांवर लावलेले दिवे हलताना दिसले तरी माणसाची चाल पाहणाऱ्याला क्षणात ओळखू येते. पायडलला लावलेले पिवळे परावर्तक किंवा घोट्याला बांधलेली चमकती पट्टी वरखाली होते, तेव्हा चालकाच्या मेंदूला तो ठिपका नसून पाय मारणारा माणूस आहे हे चटकन उमगते. ऑस्ट्रेलियातील प्रयोगांतही नुसत्या जाकिटापेक्षा घोटे आणि गुडघे चमकवणे सरस ठरले. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर हिवाळ्यात सांजवेळी शाळेतून परतणाऱ्या मुलींसाठी हा काही रुपयांचा उपाय आहे. मात्र समोरच्या वाहनाने अप्पर चालू ठेवला असेल तर त्या झगमगाटात कडेची सायकल आणि परावर्तक दोन्ही बुडून जातात, म्हणून वेळेवर डिप्पर देणे हे केवळ समोरच्या चालकाचे डोळे दिपू नयेत यासाठी नसते.

पावसाळ्यात सळईच्या ब्रेकची जुनी काळी सायकल पुढे असेल तर अंतर आणखी वाढवावे. तिच्या क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादी रिमवर पाणी आले की ब्रेकचे रबर धरतच नाही. ते आधी पाणी निपटते आणि त्यानंतर सायकल मंदावू लागते. हात दाखवण्याबाबतही थोडी समज हवी. आपल्याकडील बहुतेक सायकलींना पुढचा, म्हणजे अधिक प्रभावी ब्रेक उजव्या हाताला असतो. उजवीकडे वळण्यासाठी स्वाराने तोच हात बाहेर काढला तर त्याच्याकडे मागचा ब्रेक तेवढा उरतो. म्हणून तो आधी हात दाखवून पुन्हा हँडल धरतो आणि मग वळतो. वळताना हात दिसला नाही, म्हणजे इशारा दिला नाही, असे होत नाही.

वेगाचे गणित साधे आहे. चालकाला प्रतिसादाला दीड सेकंद लागतो आणि रस्ता कोरडा आहे असे धरले, तर ताशी ३० किलोमीटरने जाणारी मोटार धोका दिसल्यापासून साधारण साडेसतरा मीटरवर पूर्ण थांबते. ताशी ५० ने जाणारी मोटार तेवढ्या अंतरात ब्रेकला पायसुद्धा लावत नाही, कारण दीड सेकंदातच ती जवळजवळ २१ मीटर पुढे गेलेली असते. स्पेनने मे २०२१ पासून शहरांतल्या, प्रत्येक दिशेला एकच मार्गिका असलेल्या रस्त्यांवर ३० ची मर्यादा घातली, तिच्यामागे हाच हिशेब आहे.

रस्त्यावर सायकली जितक्या जास्त तितका प्रत्येक सायकलस्वाराचा धोका कमी, असे पीटर जेकबसन यांनी २००३ मध्ये अनेक शहरांच्या आकडेवारीवरून मांडले. त्यांच्या हिशेबाने सायकलस्वार दुप्पट झाले तर प्रत्येकाचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो. संख्येमुळे सुरक्षितता येते की सुरक्षित रस्त्यांमुळे संख्या वाढते, हे या आकड्यांतून सिद्ध होत नाही, आणि मला तरी दुसरी शक्यता अधिक वजनदार वाटते. पुणे हे सायकलींचे शहर होते, डबलसीट आणि बिनदिव्याच्या सायकलींना पोलीस अडवत, तेव्हाच्या चालकाची नजर दर दहा पावलांवर सायकलची अपेक्षा करत असणार. पण त्या रस्त्यांवर वेगवान वाहनेही थोडीच होती.

पुणे महानगरपालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. अशा आराखड्याची कसोटी चौकात लागते. नेदरलँड्समध्ये चौकाच्या कोपऱ्यावर एक लहानसे बेट बांधून सायकलमार्ग मूळ रस्त्यापासून सुमारे एका मोटारीच्या लांबीइतका मागे घेतात. त्यामुळे वळणारी मोटार सायकलमार्गाशी पोचेपर्यंत जवळजवळ काटकोनात फिरलेली असते आणि सायकलस्वार आरशात किंवा खांबाआड न राहता थेट चालकाच्या डोळ्यांसमोर येतो. आपल्याकडचे कित्येक सायकलमार्ग मात्र चौक येण्याआधीच पदपथावरून खाली उतरून संपतात आणि सायकलस्वाराला डावीकडे वळणाऱ्या बसच्या, रिक्षाच्या आणि डंपरच्या डाव्या बाजूला आणून सोडतात.