झाडाचा घेर आणि झाडाचं मोल

झाड म्हणजे लाकूड, ही समजूत मोडण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्याच देशात झाला. कोलकाता विद्यापीठाच्या प्रा. टी. एम. दास यांनी १९७९च्या सुमारास पन्नास वर्षं जगलेल्या झाडाचा हिशेब मांडला. प्राणवायू, रोखलेली धूप, हवेतला ओलावा, पाखरांचा आसरा, प्रदूषणाला आळा असं सगळं धरून रक्कम आली १५ लाख ७० हजार रुपये. लाकूड आणि फळं त्यात धरलीच नव्हती. कार्बन साठवणुकीचा रकानाही नव्हता.

तो दिसतो शिकागोच्या अभ्यासात. अमेरिकी वनसेवेचे ग्रेगरी मॅकफर्सन, डेव्हिड नोवाक आणि सहकाऱ्यांनी या शहराच्या झाडांचा अभ्यास करून १९९४मध्ये अहवाल दिला. छातीच्या उंचीवर खोड मोजायचं, त्यावरून झाडाचं कोरडं वजन काढायचं. त्यातला साधारण निम्मा भाग कार्बन. आजही मुळात हेच करतात. याच अभ्यासातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: खोडाचा व्यास ७७ सेंटिमीटरहून जास्त असलेल्या झाडात ८ सेंटिमीटरहून कमी व्यासाच्या झाडाच्या सुमारे हजारपट कार्बन साठलेला असतो.

पुढे २००६मध्ये 'आय-ट्री' ही संगणक प्रणाली सर्वांसाठी मोफत खुली झाली आणि अनेक शहरांनी आपली झाडं पैशांत मोजली. लंडनचा २०१५चा अहवाल सांगतो, की तिथल्या ८४ लाख झाडांत सुमारे २४ लाख टन कार्बन आहे, किंमत १४.७ कोटी पौंड. दरवर्षी नवी भर मात्र जेमतेम ७७ हजार टनांची. म्हणजे उभा साठा तीस वर्षांच्या कमाईइतका. शिवाय वर्षाला शोषलेल्या कार्बनची किंमत ४८ लाख पौंड, तर हवा स्वच्छ करण्याची १२.६ कोटी. नुसत्या कार्बनवर झाडाचा भाव ठरवला तर झाड स्वस्तातच जाईल.

महाराष्ट्रात शहरी झाडांसाठी १९७५पासून कायदा आहे. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं वा त्याहून जुन्या झाडांना प्राचीन वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावण्याची अट घातली. झाडाचं वय कायद्याने ओळखलं, हे मोठंच पाऊल. पण साठ वर्षांच्या वडापोटी साठ रोपं लावली, तरी त्याच्या खोडातला कार्बन त्यांच्यात यायला कित्येक दशकं जातील. वृक्षगणनेत खोडाचा घेर नोंदवला जातोच. भरपाई ठरवताना तोही धरता येईल.