माशांच्या नेत्रभिंगातील अनुस्फुरक द्रव्यांचे विलगीकरण

कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषून जास्त तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकणारी (अनुस्फुरक) द्रव्ये माशांच्या भिंगातील प्रथिनांपासून वेगळी काढण्याची पद्धत. क्रिस्टलिन ही भिंगाची मुख्य प्रथिने. त्यांतील ट्रिप्टोफॅन हे ॲमिनो अम्ल 330–350 नॅमी. (नॅनोमीटर) दरम्यान उजळतेच, त्यात नवल नाही. शोध असतो तो निळ्या-हिरव्या उजेडाचा, उदा., ट्रिप्टोफॅनच्या ऑक्सिडीभवनातून होणारे एन-फॉर्मिलकिन्युरेनीन (उद्दीपन सु. 325, उत्सर्जन सु. 435 नॅमी.).

डोळ्याच्या स्वच्छमंडलाला (पुढच्या पारदर्शक पडद्याला) छेद देऊन भिंगाला धरणारे बंध कापले की भिंग गोटीसारखे निघते. ते गाळणकागदावर घरंगळवून चिकट द्रव व रक्त काढतात. रक्त राहिल्यास हीमचे (रक्तातील लाल रंगद्रव्याचे) 415 नॅमी. जवळचे शोषण उत्सर्जन दाबते. 1 ग्रॅम भिंगाला 10 मिलि. थंड बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारा द्राव (50 मिलिमोलर ट्रिस, धातूंचे आयन बांधणारे 1 मिलिमोलर ईडीटीए, पीएच 7.4) घेऊन बर्फावर, मंद उजेडात हळू ढवळतात. बाहेरचे थर विरघळतात, गाभा खड्यासारखा उरतो. तो जोराने घोटू नये. फेस येऊन प्रथिने साकळतात. 15,000 जी वेगाने 30 मिनिटे सेंट्रिफ्यूज केल्यावर वरचा द्राव घेतात. तो साठवून ठेवणे धोक्याचे. उदासीन पीएचलाही किन्युरेनीनची (वरील द्रव्यातील फॉर्मिल गट गेल्यावर उरणाऱ्या संयुगाची) अमाइन बाजू गळते आणि उरलेला रेणू प्रथिनातील सिस्टीन या ॲमिनो अम्लाला चिकटतो. मग मुळात सुटे असलेले द्रव्य ‘प्रथिनबद्ध’ भासते.

म्हणून लगेच चार पट थंड एथॅनॉल घालून प्रथिने खाली बसवतात. अनुस्फुरणाचा उजेड वरच्या द्रावात गेला, तर द्रव्य सुटे वा सैल बांधलेले. साक्यात (खाली बसलेल्या प्रथिनांत) राहिला, तर साका 6 मोलर ग्वानिडीनमध्ये (प्रथिनांची घडी उलगडणाऱ्या द्रव्यात) विरघळवून पुन्हा अवक्षेपित करतात. तरीही सुटला नाही, तर बंध बहुधा सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेणारा पक्का) असतो. त्यासाठी प्रोनेज या प्रथिने तोडणाऱ्या विकराने 37° से. ला 24 तास पचन करतात. सोबत केवळ विकराची कोरी चाचणी हवीच, कारण विकर स्वतःलाही पचवतो. 6 नॉर्मल हायड्रोक्लोरिक अम्लात उकळण्याचा मार्ग टाळलेला बरा. त्यात ट्रिप्टोफॅन नष्ट होते.

शेवटी सी-18 (18 कार्बनांच्या साखळ्या बसवलेल्या) वर्णलेखन स्तंभावर 0.1% फॉर्मिक अम्ल व ॲसिटोनायट्राइलच्या चढत्या प्रमाणात घटक वेगळे करून वस्तुमान वर्णपटाने ओळखतात. मोजमापात द्रावाचे शोषण 0.1 च्या खाली ठेवतात, नाहीतर द्राव स्वतःचाच उजेड गिळतो. 350 नॅमी. उद्दीपनाला 397 नॅमी. जवळ दिसणारे टोक पाण्याच्या रामन प्रकीर्णनाचे (पाण्याच्या रेणूंवरून तरंगलांबी बदलून विखुरलेल्या प्रकाशाचे) असते. नवे द्रव्य सापडले म्हणून हुरळून जाण्याआधी नुसता बफर तपासावा.