टाळू शिवायची, पण कधी?

मोठ्या माणसाचा फाटलेला ओठ शिवला की डॉक्टरांचं काम बहुतेक संपतं. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तेव्हा कुठे ते सुरू होतं. पुढची सोळा-अठरा वर्षं त्या बाळाचा जबडा, नाक, गाल वाढत राहणार, आणि टाक्यांचा व्रण मात्र त्या वेगाने ताणला जात नाही. म्हणून मुलांच्या प्लास्टिक सर्जरीत ‘कसं शिवायचं’ यापेक्षा ‘कधी शिवायचं’ यावर जास्त वाद झालेत. दुभंगलेल्या टाळूवरचा वाद तर कित्येक दशकं चालला.

टाळू म्हणजे इथे डोक्यावरची नव्हे, तोंडाचं छत. जगभरात साधारण ७०० बाळांमागे एकाचा ओठ, टाळू किंवा दोन्ही दुभंगलेले असतात. गर्भाचा चेहरा दोन्ही बाजूंनी वाढत येतो आणि मध्यावर सांधला जातो. ओठ सातव्या आठवड्याच्या सुमारास, टाळू बाराव्यापर्यंत. हा सांधा राहून गेला तर फट उरते. म्हणजे तिथे काहीही कापलं गेलेलं नसतं. मुळात जुळायचंच राहिलेलं असतं. ग्रहणात आईने विळीला हात लावला म्हणून बाळाचा ओठ फाटला, हे आपल्याकडे आजही बाळंतिणीला ऐकावं लागतं. तिच्यावर हा आळ घेणं थांबलं तरी पुष्कळ झालं. आनुवंशिकता, गरोदरपणातलं धूम्रपान, फिट्सवरची काही औषधं, अशी खरी कारणं वेगळीच आहेत, आणि बऱ्याचदा नेमकं एक कारण सापडतही नाही.

ओठाचं ऑपरेशन साधारण तिसऱ्या महिन्यात होतं. सर्जन मंडळींचा जुना ठोकताळा दहाचा: बाळ दहा आठवड्यांचं, वजन दहा पौंड म्हणजे साडेचार किलो आणि हिमोग्लोबिन दहा. टाळूला फट असेल तर बाळाला दूध ओढता येत नाही, म्हणून तोवर वाटी-चमचा नाहीतर बोंडल्याने पाजून वजन वाढवायचं. ओठ दिसतो, म्हणून नातेवाईकांचं सगळं लक्ष ओठावर. माझ्या मते मात्र खरी गुंतागुंत आत आहे.

टाळूच्या मागच्या मऊ भागात एक स्नायू झोळीसारखा आडवा असतो. बोलताना तो टाळू वर उचलून नाकाची वाट बंद करतो. ती बंद झाली तरच तोंडात हवेचा दाब साठतो आणि प, ब, क, ग उमटतात. टाळू दुभंगलेली असली की हा स्नायू आडवा न जाता पुढे जाऊन हाडाच्या कडेला चिकटलेला असतो. हवा नाकातून निसटते आणि ‘बाबा’चं ‘मामा’ होतं. काही मुलं मग अडलेले उच्चार घशातूनच काढायला शिकतात, आणि ती सवय नंतर मोडणं फार कठीण. कानाच्या नळीचं कामही याच भागातल्या स्नायूंवर चालतं, त्यामुळे या मुलांच्या कानात पाणी साठून ऐकूही कमी येतं. भाषा शिकायच्या वयात हा दुहेरी फटका.

मग टाळू लवकर शिवून टाकावी! पण लवकर शिवलेल्या मुलांचा वरचा जबडा मोठेपणी मागे राहिलेला दिसे. हा दोष मूळ व्यंगाचा की सुरीचा? ज्यांना कधीच सुरी लागली नाही अशी मोठी माणसं पाहिल्याशिवाय ते कळणार नव्हतं, आणि ब्रिटनमध्ये अशी माणसं उरलीच नव्हती. लंडनचं ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटल १८५२पासून फक्त मुलांसाठी आहे. तिथले ऑर्थोडॉन्टिस्ट मायकल मार्स १९८०च्या दशकात सहकाऱ्यांसह श्रीलंकेला गेले. तिथे ऑपरेशनविना वाढलेले रुग्ण होते. त्यांचे जबडे मोजले तर वाढ बऱ्यापैकी झालेली! जबडा मागे राहण्यात ऑपरेशनचा मोठा वाटा होता तर.

पण त्याच प्रकल्पात स्पीच थेरपिस्ट डेबी सेल यांनी उशिरा, किशोरवयात टाळू शिवलेल्यांचं बोलणं तपासलं. टाळू बंद झाली तरी उच्चार फारसे सुधारले नव्हते. थांबावं तर वाचा जाते, घाई करावी तर जबडा. जर्मनीत मधला मार्ग काढून पाहिला होता: मऊ टाळू लवकर शिवायची, पुढची कठीण टाळू बारा-चौदा वर्षांपर्यंत उघडी ठेवायची. जबडे चांगले वाढले, बोलणं बिघडलं.

दरम्यान ब्रायन सॉमरलाड या सर्जननी मायक्रोस्कोपखाली तो चुकीच्या जागी चिकटलेला स्नायू सोडवून, मागे नेऊन आडवा जोडायची पद्धत पक्की केली. बोलण्यासाठी दुसरं ऑपरेशन लागणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्या रुग्णांत पंधरा वर्षांत निम्म्याहून खाली आलं. वेळेच्या प्रश्नावर चिठ्ठ्या टाकून केलेली मोठी चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. युरोप आणि ब्राझीलमधली, फक्त टाळू दुभंगलेली ५५८ बाळं. काहींचं ऑपरेशन सहाव्या महिन्यात, काहींचं बाराव्यात. पाच वर्षांची झाल्यावर बोलताना नाकाची वाट नीट बंद न होणारी मुलं पहिल्या गटात ८.९ टक्के, दुसऱ्यात १५. बोलण्याच्या बाजूने सहा महिने जिंकले.

ही बाळं एरवी ठणठणीत होती आणि रुग्णालयं सुसज्ज होती, हे मात्र विसरू नये. सहा महिन्यांच्या बाळाला भूल द्यायला त्यातला अनुभवी माणूस लागतो, आणि ऑपरेशननंतर श्वासावर रात्रभर नजर ठेवावी लागते. हिमोग्लोबिन आठवर अडकलेल्या बाळासाठी आधी रक्त वाढवणं हाच उपचार.

आपल्याकडे २०१३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ आणि टाळू यांचा समावेश आहे. अंगणवाडीतल्या तपासणीतून मूल पुढे पाठवलं जातं. गळती होते ती पुढे. ओठ शिवला, फोटोत बाळ छान दिसायला लागलं की घरच्यांना वाटतं झालं सगळं. टाळूची तारीख टळत जाते. ओठ आणि हिरडी दोन्ही दुभंगली असतील तर पुढेही कामं असतात: आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, सुळा खाली उतरायच्या आत, कमरेच्या हाडाचा चुरा घेऊन हिरडीतली फट भरायची; आणि जबडा मागे राहिलाच तर वाढ थांबल्यावर तो कापून पुढे आणायचा. जबड्याचं असं नंतरही निस्तरता येतं. घशातून बोलायची सवय लागलेल्या दहा वर्षांच्या मुलाला स्पीच थेरपिस्टकडे महिनोन् महिने खेपा घालाव्या लागतात, आणि तालुक्याच्या गावात तो स्पीच थेरपिस्टच सहसा नसतो.