सुरक्षित आरोग्य डेटा परिसरातील फलित-तपासणी

रुग्णांच्या नोंदी ज्या बंदिस्त संगणकीय परिसरात ठेवलेल्या असतात, तेथून कोष्टके, आलेख, सांख्यिकीय प्रारूपे इत्यादी संशोधन-फलिते बाहेर देण्यापूर्वी त्यांतून कोणाही व्यक्तीची माहिती उघड होत नाही ना, याची जी शहानिशा केली जाते, तिला फलित-तपासणी म्हणतात. अशा परिसरात संशोधकाला दुरून प्रवेश करून विश्लेषण करता येते, मात्र फाइल स्वतः उतरवून घेता येत नाही. बाहेर न्यायची प्रत्येक फाइल मधल्या एका कप्प्यात ठेवावी लागते आणि तपासनिसाने मंजुरी दिल्यावरच ती संशोधकाच्या हाती पडते.

केवळ नावे व पत्ते काढून टाकल्याने ओळख लपत नाही, हे १९९७ मध्ये संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी अमेरिकेत दाखवून दिले. नावे वगळलेल्या रुग्णालयीन नोंदींतील जन्मतारीख, लिंग व टपाल संकेतांक मतदार यादीशी जुळवून त्यांनी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. पुढे ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयात ‘पाच सुरक्षितता’ ही चौकट आकाराला आली. तीत प्रकल्प, व्यक्ती, जागा, डेटा आणि फलिते या पाचही अंगांनी सुरक्षिततेचा विचार केला जातो. यांतील फलितांची पायरी सर्वांत शेवटची आणि सर्वांत नाजूक आहे, कारण एकदा बाहेर गेलेला आकडा परत घेता येत नाही.

सर्वांत परिचित नियम लहान आकड्यांचा आहे. कोष्टकाच्या एखाद्या घरात ठरावीक मर्यादेपेक्षा कमी रुग्ण असतील तर तो आकडा झाकला जातो. ही मर्यादा संस्थेनुसार बदलते: अमेरिकेत मेडिकेअर व मेडिकेड या सरकारी आरोग्य विमा योजना चालवणाऱ्या सेवा केंद्रांच्या धोरणानुसार १ ते १० हे आकडे दाखवता येत नाहीत, तर इंग्लंडमध्ये २०२० साली उभ्या राहिलेल्या ओपनसेफली या रुग्ण-नोंदींवरील संशोधनाच्या व्यवस्थेत ७ किंवा त्याहून लहान आकडे झाकून उरलेले जवळच्या ५ च्या पटीत आणले जातात. नुसते झाकणे का पुरत नाही, हे एका काल्पनिक उदाहरणावरून कळते. एका दुर्मीळ आजाराचे चार वयोगटांतील रुग्ण ६१, ५४, २५ आणि ३ असून एकूण संख्या १४३ आहे. यातील ३ झाकला आणि एकूण संख्या तशीच ठेवली, तर कोणालाही वजाबाकी करून तो परत मिळवता येतो. याउलट ६०, ५५, २५ आणि एकूण १४५ असे आकडे दिले, तर चौथ्या गटात नेमके किती रुग्ण आहेत हे सांगता येत नाही, आणि आजाराचे वयानुसार चित्र मात्र कायम राहते.

हीच वजाबाकी दोन वेगवेगळ्या कोष्टकांतही लपलेली असते. आज सर्व रुग्णांचे कोष्टक दिले आणि महिन्याभराने एका दवाखान्याचे रुग्ण वगळून तेच पुन्हा दिले, तर दोन्ही निर्दोष दिसत असूनही त्यांच्या फरकातून त्या दवाखान्याचे मोजके रुग्ण उघडे पडतात. म्हणून प्रत्येक विनंती आधी दिलेल्या फलितांच्या शेजारी ठेवून पाहावी लागते. शून्य आणि शंभर टक्केही निर्धास्त नव्हेत: एखाद्या गटातील सर्वांनाच आजार आहे, असे कळल्यावर त्या गटातील कोणाचीही स्थिती निराळी शोधावी लागत नाही.

कोष्टकांखेरीज इतर फलितांतूनही एखादाच रुग्ण उघडा पडू शकतो. कमाल वय म्हणजे बहुधा एकाच व्यक्तीचे वय. आकड्यांचा विस्तार दाखवणाऱ्या पेटी-आलेखातील (बॉक्स प्लॉट) दूरचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक रुग्ण. काळानुसार किती रुग्ण जिवंत राहिले हे दाखवणाऱ्या जीवितता-आलेखाच्या शेपटाकडील प्रत्येक पायरी एखाद्याच मृत्यूची असू शकते. त्या मानाने पुरेशा मोठ्या नमुन्यावरील समाश्रयण गुणक (एका घटकाचा दुसऱ्याशी असलेला संबंध मोजणारे आकडे) सुरक्षित समजले जातात. धोका पुष्कळदा आकड्यांपेक्षा फाइलमध्येच असतो: आर या सांख्यिकीच्या संगणकीय भाषेतील प्रारूपाच्या साठवलेल्या वस्तूत मूळ नोंदींची प्रत असू शकते आणि एक्सेलच्या सारांश-कोष्टकामागे (पिव्हट टेबल) संपूर्ण डेटा दडलेला असू शकतो. साधी मजकूर-फाइल किंवा स्थिर चित्र मागितले जाते ते याचसाठी.

तपासणी नियमांच्या काटेकोर यादीने करावी की तत्त्वांच्या आधारे, याबद्दल दोन परंपरा आहेत. नियमांमुळे निर्णय झटपट होतो, पण संदर्भ पाहिला जात नाही. तत्त्वाधारित पद्धतीत संशोधक धोका नसल्याचे पटवून देतो आणि प्रशिक्षित तपासनीस त्यावर निर्णय घेतो. दुसरी पद्धत अधिक वाजवी आहे, मात्र तिला अनुभवी माणसे लागतात. ओपनसेफलीमध्ये दोन तपासनीस स्वतंत्रपणे फलिते पाहतात. संशोधकाने प्रत्येक आकड्यामागची रुग्णसंख्या आणि नमुन्याचे वर्णन सोबत दिले, आणि लेखाला खरोखर लागतील तेवढीच फलिते मागितली, तर तपासणी जलद व नेमकी होते. विश्लेषणाच्या मधल्या टप्प्यांवरची शेकडो कोष्टके मागितल्यास त्यांतील धोका शोधणे तपासनिसाला अवघड जाते.

प्रशिक्षित यंत्र-अध्ययन प्रारूपे (मशीन लर्निंग मॉडेल), म्हणजे रुग्णांच्या नोंदींवरून शिकलेली संगणकीय प्रारूपे, बाहेर देणे हा सध्या सर्वांत कठीण प्रश्न आहे. नव्या नोंदीची तुलना सर्वांत जवळच्या जुन्या नोंदींशी करणाऱ्या निकटतम-शेजारी पद्धतीच्या प्रारूपात प्रशिक्षणाच्या नोंदी जशाच्या तशा असतात. इतर प्रारूपांना नेमके प्रश्न विचारून एखादी व्यक्ती प्रशिक्षण-संचात होती का, याचा अंदाज बांधता येतो. युरोपीय संघाच्या २०२५ च्या युरोपीय आरोग्य डेटा अवकाश नियमनानुसार सुरक्षित परिसरातून केवळ अव्यक्तिगत, म्हणजे कोणाही व्यक्तीशी जोडता न येणारा, डेटाच उतरवून घेता येतो, त्यामुळे एखादे प्रारूप या व्याख्येत बसते की नाही, हे ठरवण्याचे काम तेथेही तपासणाऱ्यांपुढे येते.