व्यक्तिरेखन (कादंबरीतील)

कादंबरीतील पात्राला स्वभाव, वाणी, भूतकाळ आणि इच्छा देऊन ते वाचकाच्या ओळखीचे करणे म्हणजे व्यक्तिरेखन. पात्रनिर्मिती, स्वभावचित्रण या संज्ञाही रूढ आहेत. व्यक्तिचित्र हा प्रकार याहून वेगळा: तिथे माणूस आधीच असतो, इथे तो घडवावा लागतो.

मराठीत वाङ्मयप्रकाराचे नावच एका पात्रावरून आले आहे. कादंबरी ही बाणभट्टाच्या गद्यकाव्याची नायिका. बाण हर्षवर्धनाच्या आश्रयाला होता, त्यामुळे हा ग्रंथ सामान्यतः सातव्या शतकाच्या पूर्वार्धातला मानतात. तो अपुरा राहिला व बाणाच्या मुलाने पुरा केला. या मुलाचे नाव कुठे भूषणभट्ट, तर कुठे पुलिंद असे दिलेले आढळते. हिंदी-बंगालीने उपन्यास आणि गुजरातीने नवलकथा हे शब्द घेतले; मराठी व कन्नड यांनी मात्र नायिकेचेच नाव सबंध प्रकाराला दिले.

संस्कृत नाट्यविचारात नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत व धीरप्रशांत असे चार प्रकार आणि नायिकेच्या आठ अवस्था सांगितल्या आहेत. ही वर्गवारी नाट्यासाठीची. कादंबरीला ती अपुरी पडते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 मध्ये सपाट (एकाच गुणावर उभी) व गोलाकार पात्रे असा भेद केला. वाचकाला पटेल अशा रीतीने चकित करू शकते ते पात्र गोलाकार, ही त्यांची कसोटी नवलेखकाला आजही उपयोगी आहे. तिच्यातला ‘पटेल’ हा शब्द अधिक महत्त्वाचा.

पहिली मराठी कादंबरी कोणती, यावर मतभेद आहेत. बहुतेक अभ्यासक बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ला (1857) हा मान देतात, काही जण लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’पासून (1861) मोजतात. व्यक्तिरेखनाच्या दृष्टीने हा वाद दुय्यम ठरतो. पदमनजींची यमुना प्रवासात विधवांची दुःखे पाहते. लेखकाचा सुधारणावाद तिच्यामागून बोलत राहतो. ह. ना. आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मधली यमू स्वतःची हकिकत स्वतः सांगते, आणि घरातल्या बारीकसारीक बोलण्यातून तिच्याभोवतीची माणसे उभी राहतात. मराठीतले खरे व्यक्तिरेखन इथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. 1890 च्या दशकारंभी ही कादंबरी ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः आली.

मुंबईच्या कादंबरीत पात्राची भाषा हा मोठा पेच. जयवंत दळवींच्या ‘चक्र’ने (1963) झोपडपट्टी, तर भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ने (1965) नाक्यावरच्या पोरांची बोली मराठी कथनात आणली. ‘वासूनाका’वर वादळ उठले, पण त्या पोरांना प्रमाण मराठीत बोलायला लावले असते तर ती उभीच राहिली नसती. नवोदिताच्या हस्तलिखितात सर्वांत सर्रास आढळणारा दोषही हाच: आजी, मुकादम आणि कॉलेजातली मुलगी, तिघेही लेखकाच्याच आवाजात बोलतात. संवादातली नावे झाकून वाचले की तो लगेच उघडा पडतो.

वय, उंची, आवडता रंग अशी यादी करण्याची सवय पुष्कळांना असते. त्यातले थोडेच पानावर उतरते. पगार घरात कोणाच्या हाती जातो, गणपतीला गावी जायला रजा कशी मिळवतो, गावकऱ्यांच्या खोलीत पथारी कुठे पडायची, ही माहिती मात्र गिरणगावातल्या माणसाचा सगळा स्वभाव उलगडते. कृतीही तितकीच बोलते. सीएसएमटीहून सुटलेल्या धीम्या लोकलमध्ये दादरला उतरणारा एक जण भायखळ्यालाच उठून दाराशी जातो, दुसरा परळ सुटेपर्यंत बसून राहतो. तिघांच्या बाकावर चौथी सीट मागताना एक जण नुसती मान हलवतो. दुसरा अर्धा टेकतो आणि स्टेशनामागून स्टेशन आत सरकत राहतो. ‘तो भिडस्त होता’ असे लिहिण्याची गरज मग उरत नाही.

नाव ठेवतानाही सावध राहावे लागते. ‘कर’ लागलेले आडनाव बहुधा गाव सांगते, आणि आडनावावरून वाचक जातीचाही अंदाज बांधतो. पहिल्याच ओळीत आडनाव दिले की पात्र तोंड उघडण्याआधीच वाचकाने त्याला एका घरात बसवलेले असते. म्हणून काही लेखक ते बरेच पुढे, दुसऱ्या एखाद्या पात्राच्या तोंडून येऊ देतात.