सहावा बाइट

प्रोग्रॅम कंपाइल होतो, चालतो, आउटपुटही बरोबर येतं, आणि तरीही तो चुकलेला असतो. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्याला पॉइंटरपेक्षाही, म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या चलापेक्षाही, ही गोष्ट पचायला जड जाते. 'पण चालतंय ना!' हे त्याचं म्हणणं अगदी खरं असतं. म्हणून चुकलेला प्रोग्रॅम चालतो कसा, हे आधी समजून घ्यायला हवं.

समजा, पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द साठवायचा आहे. 'स्ट्रलेन'ने लांबी मोजली, पाच आली. मेमरीतली जागा देणाऱ्या 'मॅलॉक'कडून पाच बाइट मागून घेतले आणि 'स्ट्रकॉपी'ने शब्द त्यात उतरवला. वाचताना काही खटकत नाही. पण सीमधल्या प्रत्येक स्ट्रिंगच्या, म्हणजे अक्षरांच्या माळेच्या, शेवटी शून्य किमतीचा एक बाइट असतो. 'स्ट्रलेन' तो मोजत नाही, 'स्ट्रकॉपी' मात्र तो लिहिते. म्हणजे मागितले पाच, लिहिले सहा. सहावा बाइट आपल्या हद्दीबाहेर पडला.

आणि प्रोग्रॅम सुरळीत चालला! कारण ६४-बिट लिनक्सवर नेहमी वापरली जाणारी सी लायब्ररी, ग्लिबसी, एवढे छोटे तुकडे देतच नाही. पाच बाइट मागा, नाहीतर वीस. वापरण्याजोगी जागा २४ बाइटची मिळते. सहावा बाइट त्या मोकळ्या जागेत खपून जातो. हाच कोड एखाद्या दिवशी २४ अक्षरांच्या मजकुरावर चालतो. आता शेवटचं शून्य पंचविसाव्या बाइटवर जातं, आणि तिथे लायब्ररीने शेजारच्या तुकड्याचा आकार लिहून ठेवलेला असतो. ती नोंद बिघडते. तरीही त्या क्षणी काहीच होत नाही. पुढे कधीतरी, भलत्याच फंक्शनमध्ये, घेतलेली जागा परत करणारं 'फ्री' किंवा 'मॅलॉक' ती नोंद वाचायला जातं आणि प्रोग्रॅम कोसळतो. शिकणारा त्या 'फ्री'च्या ओळीकडे तासन्‌तास बघत बसतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! त्या ओळीत काहीच चुकलेलं नसतं.

मला वाटतं, नवशिक्याला मदत करताना पहिली गोष्ट हीच सांगावी: प्रोग्रॅम जिथे पडला ती ओळ फक्त खूण आहे, तिथून मागे चालत जायचं. चालताना प्रत्येक पॉइंटरला विचारायचं, ही जागा किती बाइटची आहे आणि ती कधीपर्यंत आपली आहे?

'किती'चा प्रश्न जुना आहे. 'गेट्स' हे फंक्शन ओळ वाचताना जागा किती आहे हे विचारतच नसे. १९८८ च्या नोव्हेंबरात इंटरनेटवर पसरलेला मॉरिस वर्म, म्हणजे स्वतःहून पसरणारा एक प्रोग्रॅम, यंत्रांमध्ये शिरायला जे मार्ग वापरत होता, त्यांतला एक याच फंक्शनमुळे उघडा राहिला होता. २०११ च्या सी मानकातून 'गेट्स' काढून टाकलं. त्याऐवजी 'एफगेट्स' वापरावं, त्याला जागेचा आकार सांगावाच लागतो.

'कधीपर्यंत'चा प्रश्न जास्त फसवा आहे. फंक्शनच्या आत साधा ॲरे बनवला आणि त्याचा पत्ता परत पाठवला, तर फंक्शन संपताच ती जागा आपली राहत नाही. पुढचं फंक्शन स्टॅकवर, म्हणजे फंक्शनांच्या तात्पुरत्या मेमरीत, तिथेच आपला पसारा मांडतं. कधी जुना मजकूर शाबूत दिसतो, कधी कचरा. तपासायला मध्ये एक 'प्रिंटएफ' घातलं की उत्तर बदलतं, कारण ते फंक्शनही तीच जागा वापरतं. कंपायलरच्या सूचना चालू ठेवल्या तर अशी सरळसरळ चूक तो बऱ्याचदा आधीच दाखवतो. त्या सूचना वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

'फ्री'चंही तसंच. त्याला पॉइंटरमधल्या पत्त्याची प्रत मिळते, त्यामुळे मूळ पॉइंटर त्याला बदलताच येत नाही. जागा परत गेली, पण आपल्याकडे पत्ता जुनाच. म्हणून 'फ्री'नंतर पॉइंटरला 'नल' करावं, म्हणजे त्यात शून्य पत्ता ठेवावा. तोच पत्ता दुसऱ्या पॉइंटरमध्ये ठेवला असेल, तर मात्र तो धोका उरतोच.

'नल'चा फायदा मोठा आहे. प्रोसेसर मेमरीची राखण बाइटगणिक करत नाही, पानागणिक करतो, आणि एक पान बहुधा ४०९६ बाइटचं असतं. न दिलेल्या पानाला हात लावला की 'सेगमेंटेशन फॉल्ट' येतो, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच बंद पाडला जातो. आपल्याच पानात भलतीकडे लिहिलं तर हार्डवेअरला पत्ताही लागत नाही. नेहमीच्या संगणकांवर शून्य पत्त्याचं पान प्रोग्रॅमला दिलेलंच नसतं, म्हणून 'नल' वापरला की चूक तिथल्या तिथे उघडी पडते. सेगमेंटेशन फॉल्टला घाबरणाऱ्या मुलांना मी सांगतो, तो शत्रू नाही, गप्प बसणारी चूक शत्रू आहे.

गप्प चुकीला बोलतं करायला ॲड्रेससॅनिटायझर नावाचा मेमरीचा तपासनीस आहे. जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांत तो एका पर्यायाने चालू होतो. तो दर आठ बाइटमागे एक बाइट नोंदीसाठी ठेवतो, मागितलेल्या प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना निषिद्ध पट्टा आखतो आणि 'फ्री' केलेली जागा काही काळ बाजूला ठेवतो, लगेच दुसऱ्याला देत नाही. प्रोग्रॅम साधारण दुपटीने मंदावतो, पण शिकताना त्याने काही बिघडत नाही. पुन्हा कंपाइल करणं शक्य नसेल तर व्हॅलग्राइंड हा दुसरा तपासनीस आहे, तो बराच जास्त मंद.

आपला पाच बाइटचा प्रोग्रॅम सॅनिटायझर लावून चालवला, तर पहिल्याच फेरीत थांबतो. अहवाल लांबलचक असतो आणि पहिल्यांदा बघून धडकी भरते, पण त्यातल्या तीनच गोष्टी वाचायच्या. ६ बाइट लिहिले गेले. त्यांतला सहावा ५ बाइटच्या जागेला लागून, ० बाइट अंतरावर, बाहेर गेला. आणि ती जागा अमुक ओळीवरच्या 'मॅलॉक'ने दिली होती. त्या ओळीवर जायचं, लांबीत अधिक एक करायचं, आणि पुन्हा चालवायचं.